जहाज उतरवणं

रूपरावांनी धरणाच्या बांधावर सतरंजी अंथरली, चारही कोपऱ्यांवर एकेक दगड ठेवला आणि मधोमध मांडी ठोकून बसले. लग्नकार्यात घालायचा पांढरा पायजामा आणि कडक इस्त्रीचा सदरा अंगात होता. वारा सुटला होता, ऊन अजून कोवळं होतं आणि बांधावर त्यांच्याशिवाय फक्त मंडपवाले होते. खुर्च्या लावता लावता ते या म्हाताऱ्याकडे पाहून आपसांत हसत होते.

"आबा, लई टाइम आहे अजून," नात काजल म्हणाली. "तिकडं लिंबाखाली बसू ना, सावलीत."

"लिंबाखालून अर्धंच पानी दिसते. इथून पुरं दिसते."

"विमान काय अर्ध्या पाण्यात उतरणार आहे?"

"उतरू दे कुठंही. मले सारं पायजे."

काजलने छत्री उघडली आणि त्यांच्या डोक्यावर धरून बसली. वर्ध्याच्या कॉलेजातून खास सुट्टी काढून ती कालच मोहगावात आली होती. आजोबा रात्रभर कूस बदलत होते, हे तिने ऐकलं होतं. त्यांना झोप कशी यावी? पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते आज नागपूरहून उडून येणार होतं.

बातमी साधीच होती. पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान मोहगावच्या धरणावर चाचणीसाठी येणार, पाण्याला टेकणार, थोडं धावणार आणि पुन्हा उठून जाणार. चाचणी जमली, तर पुढे पर्यटक वगैरे. पण त्या वगैरेशी गावाला काही देणंघेणं नव्हतं. गावाला पाहायचं होतं ते एकच, पाण्यावर जहाज उतरतं की नाही. कारण या प्रश्नावर गावाने ऐंशी-पंचाऐंशी वर्षं मनसोक्त हसून घेतलं होतं.

ते हसू सुरू झालं रूपरावांच्या वडिलांपासून. दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमारास डोमाजी रेल्वेच्या गँगबरोबर वर्ध्याहून निघाले आणि काम शोधत शोधत पार ग्वाल्हेरकडे पोचले. तिथे एका तलावावर त्यांना मोटारबोटीवर काम मिळालं. दोनेक वर्षांनी गावी परतले आणि चौकात सांगू लागले, "तिकडं जहाज तलावावर उतरते. माया डोळ्यानं पाह्यलं."

आता आमच्याकडे जुनी माणसं विमानालाही जहाजच म्हणतात. हवाई जहाजातली हवा केव्हाच गळून पडली आहे. त्यामुळे ऐकणाऱ्यांची चंगळ झाली. जहाज म्हणजे पाण्यातलं समजावं, तर ते समुद्र सोडून ग्वाल्हेरला आलं कुठून? आणि आकाशातलं समजावं, तर ते पाण्यावर बसून बुडालं कसं नाही? दोन्हीकडून डोमाजींचीच फजिती. तिसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता, तो चौकातल्या कुणाजवळही नव्हता. 'तलावावर उतरते' इथवर गोष्ट आली की हशा उसळायचा आणि गोष्ट तिथेच बुडायची. डोमाजी पुन्हा पुन्हा सांगत, "मी काय लबाड बोलून राह्यलो? माया डोळ्यानं पाह्यलं." त्यावर तर लोक पोट धरून हसत.

हळूहळू त्याचा वाक्प्रचारच झाला. मोहगावात थाप मारणं म्हणजे 'जहाज उतरवणं'. उशिरा आलेल्या पोराने सायकल पंक्चर झाल्याचं सांगितलं, की मास्तर म्हणत, "जहाज उतरवू नोको." मुलीकडच्यांनी सोयऱ्यांपुढे शेताचे एकर वाढवून सांगितले, की बायका एकमेकींना कोपराने ढोसत, "उलसं जहाज उतरवून राह्यले." गावात नव्याने आलेल्या सुनांना हे बोलणं कळायला वर्षभर जाई, आणि मग त्याही सराईतपणे बोलू लागत. वाक्प्रचार इतका मुरला, की खुद्द रूपरावांच्या तोंडूनही तो एक-दोनदा निसटला होता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

पण रूपरावांना गोष्ट पुढची माहीत होती. ती त्यांनी चौकात नव्हे, घरी चुलीजवळ ऐकली होती. जहाज पाण्यावर थांबलं की डोमाजींची बोट त्याच्या कुशीला लागायची. एक पाय बोटीत, एक फळीवर रोवून डोमाजी उभे राहायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला हात द्यायचे. गोरे साहेब, मडमा, कुठल्या कुठल्या संस्थानचे राजे. खाली खोल पाणी, त्यामुळे जो तो तो हात घट्ट धरायचा. हात कोणाचा आहे, हे कुणी विचारलं नाही. डोमाजींना सांगायचं होतं ते हे. ज्या गावच्या विहिरीवर त्यांना आपल्या हाताने पाणी काढायची सोय नव्हती, त्या गावात येऊन त्यांना हे सांगायचं होतं, आणि गाव त्यांना त्या हातापर्यंत कधी येऊच देत नव्हतं. पुढे छप्पन साल आलं, नागपुरात दीक्षा झाली, विहिरी मोकळ्या झाल्या, घरातली पोरं शिकली. जहाज मात्र तसंच हवेत लटकत राहिलं.

दहाच्या सुमारास बांध भरला. सेलूहून जीपगाड्या आल्या, आलूबोंड्याची गाडी आली, पोलीस आले. आणि सर्वांत शेवटी, कडेवर पोर घ्यावं तशी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बंडूजी आले. खुर्ची त्यांनी नेमकी रूपरावांच्या सतरंजीला खेटून मांडली. दोन्ही गुडघे नागपुरात बदलून आणल्यापासून बंडूजी खाली बसत नसत.

बंडूजींचं चौकात किराणा दुकान होतं. त्यांचे वडील डोमाजींना सर्वांत मोठ्याने हसायचे आणि तो मान बंडूजींनी वारशाने आल्यासारखा पुढे चालवला होता. वैरी म्हणावं, तर रूपरावांचा रोजचा चहा त्यांच्याच दुकानासमोर व्हायचा. मित्र म्हणावं, तर जहाजाचा विषय निघाल्याशिवाय तो चहा घशाखाली उतरत नसे.

"काय रूपराव, आलं का जहाज?"

"येते."

"माया म्हशी सोडून आलो मी पाण्यात. दवंडीवाला सांगत होता, जनावरं बांधून ठेवा म्हून. म्या म्हटलं, येनारच नाई तर बांधू काऊन?"

रूपराव हसले नाहीत. त्यांनी मान वळवून धरणाच्या उगवतीच्या कडेला पाहिलं. बंडूजींच्या म्हशी रोजच्यासारख्या पाण्यात उतरल्या होत्या. लांबून नुसती काळी डोकी दिसत होती.

"काढून घे त्या," रूपराव म्हणाले.

"निंगतीन त्यायच्या त्या. तुया जहाजाचं काय ते पाह्य."

गेल्या वर्षी काजलने मोबाईलवर जुने फोटो काढून दाखवले होते. मोठ्या पोटाची, बोटीसारख्या बुडाची विमानं; लंडनहून निघून समुद्रांवर, नद्यांवर, तलावांवर उतरत थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जाणारी. धावपट्ट्या फार नव्हत्या, पण पाणी सगळीकडे होतं, असं तिने समजावलं होतं. त्या विमानांच्या वाटेवर ग्वाल्हेरही होतं. रूपराव तो मोबाईल दोन्ही हातांनी धरून चौकात घेऊन गेले होते. बंडूजींनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "मोबाईलमंधी तर माकडही भाषन देते." चौक हसला. रूपराव मोबाईल खिशात घालून घरी आले. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं, की हे डोळ्यांनीच दिसलं पाहिजे, साऱ्या गावाला, एकाच वेळी.

"आलं!" कुणीतरी ओरडलं.

नागपूरच्या बाजूला आकाशात एक ठिपका होता. मग तो आवाज झाला, मग पंख झाले. सारा बांध एकदम उभा राहिला. रूपरावही उभे राहिले. पांढरंशुभ्र, दोन इंजिनांचं विमान, पोटाखाली दोन होड्या बांधल्यासारखं, धरणावरून एक घिरटी घालून गेलं. ते इतकं खाली होतं, की मंडपाची झालर उडाली. पोरं किंचाळली. रूपरावांनी काजलचा दंड घट्ट धरला.

"आता उतरते," ते म्हणाले. "आता पाह्य."

विमान वळलं, खाली आलं, आणखी खाली आलं आणि एकाएकी नाक वर करून पुन्हा चढलं.

बांधावरून मोठा उसासा निघाला. मंडपात वॉकीटॉकी घेतलेली एक पोरगी भराभरा बोलत होती. मग लाउडस्पीकर खरखरला. "पाण्यात जनावरं आहेत. पूर्वेकडच्या म्हशी कुणाच्या आहेत? ताबडतोब बाहेर काढा. विमान आणखी एक-दोन चकरा मारेल. पाणी मोकळं झालं नाही, तर ते परत जाईल."

सगळ्यांच्या माना बंडूजींकडे वळल्या. बंडूजी खुर्चीचे हात धरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. नव्या गुडघ्यांनी त्या चिखलात उतरणं शक्य नव्हतं. तेवढ्यात चार-सहा पोरं बांधाच्या टोकाला धावली आणि त्यांनी दगड भिरकावायला सुरुवात केली. म्हशी दचकून आणखी आत सरकल्या.

"दगडं मारू नका रे!" रूपराव ओरडले. "दगड पडला का म्हैस खोल जाते."

त्यांनी चपला काढल्या आणि पायजामा गुडघ्याच्या वर खोचला. लहानपणी चार वर्षं त्यांनी बंडूजींच्याच घरच्या म्हशी चारल्या होत्या. म्हशी बदलल्या, पण त्यांना हाकायची रीत काही बदलली नव्हती.

काजलने त्यांचा हात धरला. "आबा, तुम्ही काऊन? त्या खाचेतून तुमाले काईच दिसणार नाई. बेशरमाची झाडी आहे सारी."

हे रूपरावांना ठाऊक होतं. उगवतीला धरणाचं पाणी एका टेकाडामागे खाचेसारखं आत शिरलं होतं. म्हशी बाहेर यायच्या त्या तिथूनच, आणि तिथून पाहिलं तर समोर फक्त झाडी. त्यांनी एकदा सतरंजीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"मले नाई दिसलं तरी चालते," ते म्हणाले. "उतरलं पायजे."

आणि ते निघाले. निघाले कसले, धावले. त्या घटकेला रूपरावांना आपलं वय आठवत नव्हतं. टेकाडाला वळसा घालून ते खाचेत उतरले, गुडघाभर चिखलातून पुढे झाले आणि मांड्यांपर्यंत पाण्यात उभे राहिले. मग त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाळी दिली. "हीऽऽओ! हीऽऽओ!" लांबलचक, शेवटाला खाली येणारी, संध्याकाळी घरी बोलावतात तशी.

झाडीच्या फटीतून पहिलं शिंगाळ डोकं वळलेलं दिसलं. डोक्यावर विमान घरघरत गेलं. रूपरावांनी वर पाहिलं नाही. "हीऽऽओ!" पुढची म्हैस वळली, तिच्यामागे दुसरी, आणि मग सगळी रांग फुसफुसत खाचेत शिरू लागली. म्हशींना घाई म्हणजे काय ते माहीत नसतं. एकेक म्हैस त्यांच्या अंगाला घासून, त्यांच्याकडे निवांतपणे पाहत बाहेर पडत होती. रूपराव प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर थाप मारत होते आणि हात जोडायचेच काय ते बाकी होते. शेवटी राहिली एक वगार, अजून न व्यालेली तरणी म्हैस. ती खाचेच्या तोंडाशी थांबली आणि पुन्हा मागे फिरायला लागली. रूपरावांनी पुढे होऊन तिचा कान धरला, मानेत हात घातला आणि तिच्यासकट पाठमोरे होऊन काठाकडे ओढू लागले.

तेव्हाच विमानाचा आवाज बदलला. घरघर खाली आली, बारीक झाली. बांधावरचा सारा गोंगाट एकदम थांबला, इतका की वगारीचा श्वास ऐकू येत होता. मग टेकाडापलीकडे पाण्यावर भल्या मोठ्या चादरीने झोडपल्यासारखा आवाज झाला आणि त्यामागोमाग शेकडो माणसांची आरोळी उठली.

रूपराव वगारीची मान धरून तसेच उभे राहिले. समोर बेशरमाची पानं आणि त्यांवरची जांभळी फुलं, दुसरं काही नाही. मग टेकाडाला वळसा घालून एक लाट खाचेत आली. आधी झाडी हलली, मग लाट त्यांच्या मांडीला लागली, कमरेपर्यंत चढली, वगारीच्या पाठीवरून गेली. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. या धरणात वाऱ्याची लाट येते ती रूपरावांना जन्मापासून माहीत होती. ही वाऱ्याची नव्हती.

"बाबा, उतरलं," ते मोठ्याने म्हणाले. ऐकायला म्हशीच होत्या, त्यामुळे त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं, आणि मग त्यांना हसू आलं, रडूही आलं. इंजिनं पुन्हा जोरात गरजली. क्षणभराने टेकाडावरून विमान वर चढलं, खाचेच्या अगदी डोक्यावरून गेलं. त्याच्या पोटाखालच्या दोन्ही होड्यांतून पाण्याची धार लागली होती. थेंब रूपरावांच्या तोंडावर पडले. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

बांधाकडे परतताना त्यांचे पाय जड झाले होते. कमरेखाली नुसता चिखल. बांधावर जत्रा उसळली होती, जो तो दुसऱ्याला तेच सांगत होता. दगडी उतारावर अर्ध्यापर्यंत बंडूजी आले होते. त्या गुडघ्यांनी ते तिथवर कसे उतरले, हे त्यांचं त्यांनाच माहीत. एका हाताने त्यांनी दगड धरला होता आणि दुसरा पुढे केला होता.

"दे हात."

रूपरावांनी आपला चिखलाचा हात सदऱ्याला पुसायला घेतला.

"अबे दे ना," बंडूजी म्हणाले आणि त्यांनी तो तसाच पकडला, घट्ट, आणि वर ओढलं.

काजल धावत आली. तिचे डोळे लकाकत होते. "आबा, सारं घेतलं मी! एकदम क्लिअर आलं. हे पाहा, हे पाहा ना."

रूपरावांनी पुढे आलेला मोबाईल हलकेच बाजूला केला.

"राहू दे ते. मोबाईलमंधी तर माकडही भाषन देते." ते बंडूजींकडे वळले. "मले दिसलं नाई बंडू. तू सांग."

बंडूजींनी रूपरावांचा हात अजून सोडला नव्हता. त्यांना श्वास लागला होता, पण थांबायला ते तयार नव्हते. "अबे काय सांगू तुले! पह्यले असं खाली आलं, बगळ्यावानी. मंग बुड टेकलं ना पाण्याले, तसं पानी दोन्हीकडून फाटलं. मले वाटलं, गेलं, बुडलं आता. बुडलं नाई! नावेवानी सरसर चाललं, बांधाकडं तोंड करून. आतला मानूस हात हालवून राह्यला होता!"

रूपरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चेहरा अगदी गंभीर ठेवला.

"बंडू," ते म्हणाले, "जहाज उतरवून राह्यला का?"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. बंडूजींचं तोंड लाल झालं.

"मी काय लबाड बोलून राह्यलो? माया डोळ्यानं पाह्यलं!"

जे जुने लोक जवळ उभे होते, त्यांचं हसू मावळलं. धरणाचं पाणी अजून पुरतं थांबलं नव्हतं, बांधाच्या दगडांना चुळुक चुळुक लागत होतं. बंडूजी त्या पाण्याकडे पाहत राहिले.

रूपरावांनी त्यांना हाताला धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः चिखलासकट सतरंजीवर त्यांच्यासमोर बसले.

"मंग?" ते म्हणाले. "पुढं सांग."